भगवानरावांची जागा

"का थांबलात? तार तुटली का?"

काचेपलीकडून आवाज आला तेव्हा सहदेव डोळे मिटून, गज तारांवरून उचलून बसला होता. शेजारी तबल्यावर वाहेदचा ठेका एकटाच चालला होता. सहदेवनं डोळे उघडले, मांडीतल्या व्हायोलिनकडं पाहिलं. चारही तारा जागेवर होत्या.

"नाही जी," तो म्हणाला. "मी तं वाजवूनच राह्यलो."

काचेपलीकडच्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. "बरं, पुन्हा घ्या. आणि जरा मधे सरका. माइक इथं आहे, तुम्ही तिकडं कडेला काय बसलात?"

सहदेव मधे सरकला. दुसऱ्याच्या पाटावर जेवायला बसल्यासारखं त्याला अवघडलं. त्यानं पुन्हा तोडी राग सुरू केला. दोन आवर्तनं छान गेली, आणि त्याच ठिकाणी त्याचा गज पुन्हा आपसूक वर उचलला गेला.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. राजधानी नागपूरहून उठून मुंबईला गेली होती, पण वऱ्हाडातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची राजधानी अजून नागपूरच होती, कारण रेडिओ तिथं होता, आणि तिथंच सहदेव एकट्यानं वाजवायची परीक्षा द्यायला आला होता. तिथले अधिकारी भले गृहस्थ होते. ते स्वतः बाहेर आले, सहदेवच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचा हात फार सुरेल आहे. साथीदार म्हणून तुमचं नाव आमच्याकडं आहेच, ते राहील. पण स्वतंत्र वादनाला असं चालत नाही हो. चार सुरावटी वाजवता आणि गप्प बसता. ऐकणाऱ्याला वाटायचं, रेडिओ बिघडला. सहा महिन्यांनी या पुन्हा. फक्त मधे थांबू नका."

परतीच्या पॅसेंजरमध्ये दोघं समोरासमोर बसले. वाहेदचं खामगावात स्टेशनच्या रस्त्याला सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच हातांनी तो तबला वाजवायचा. वीसेक वर्षांची दोघांची संगत. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत वाहेदनं कळ काढली.

"सहदेवभाऊ, एक गोष्ट इचारू? राग नका येऊ देऊ."

"इचार."

"तुम्ही तिथी कोनासाठी थांबून राह्यले होते?"

"मी कवा थांबलो बे?"

वाहेदनं कपाळाला हात लावला. "दर दोन आवर्तनाले थांबले तुम्ही. माह्या ठेक्याले रडू यायची पाळी आली. खाली तबला चालू, अन् वर कोनीच नाही."

सहदेव खिडकीबाहेर बघत राहिला. कापूस वेचून झालेली पऱ्हाटी शेतात वाळत उभी होती. शेगाव आलं, डब्यात गर्दी चढली, उतरली. जलंबला खामगावची गाडी धरायला उतरले तेव्हा फलाटावर तो म्हणाला, "वाहेद, खरं सांगू? मले तिथी आवाज ऐकू येत होता. म्हून थांबलो असंन."

कोणाचा आवाज, हे वाहेदनं विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. हे दोघं ज्यांच्या गाण्याला साथ करत, त्या भगवानरावांना जाऊन वर्ष उलटलं होतं.

आता, खामगावसारख्या कापसाच्या गावात सहदेवच्या हाती व्हायोलिन आलं कसं, तर त्याचा बाप मिशनच्या बंगल्यावर माळी होता. तिथली मॅडम मायदेशी परत गेली तेव्हा माळ्याच्या पोराला तिनं हे वाद्य देऊन टाकलं. पोरगं ते घेऊन गेलं एका म्हाताऱ्या सारंगीवाल्याकडं, कारण गावात तारांवर गज फिरवणारा दुसरा कोणीच नव्हता. म्हाताऱ्यानं सगळी उमर गाणाऱ्यांच्या मागं बसून काढलेली. त्यानं पोराला मांडी घालून बसायला शिकवलं, वाद्याची मान पायाच्या घोट्यावर टेकवायला शिकवलं, आणि एक गोष्ट अंगात मुरवली. गाणारा गाताना आपण खाली राहायचं. त्यानं श्वास घेतला की ती मोकळी जागा भरायची. त्यानं तोंड उघडलं की गज उचलायचा. पुढं पळायचं नाही. गाणाऱ्याच्या पुढं पळणारा साथीदार म्हाताऱ्याच्या लेखी चोर होता.

सहदेव मोठा झाला, कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात कारकून झाला. हंगामात दिवसभर रुईच्या धुरळ्यात बसायचं, संध्याकाळी कानातला कापूस काढून गज हातात घ्यायचा. लग्नाच्या गोष्टी दोन-तीनदा निघाल्या. मुलीकडचे विचारायचे, पोरगा फिडल वाजवते म्हणजे बँडात आहे काय? नाही म्हणून समजावता समजावता वय निघून गेलं. पुढं लोक त्याला सहदेव फिडलवाला म्हणू लागले आणि त्यानंही कधी मनाला लावून घेतलं नाही.

भगवानराव मोताळ्याकडचे बागाईतदार. शेती भाऊबंदांवर सोपवून गाण्यापायी खामगावात घर करून राहिलेले. माणूस रगेल, खाण्याचा शौकीन, आवाज घरभर घुमणारा. एका मैफिलीत त्यांनी सहदेवची साथ ऐकली आणि गाणं संपल्याबरोबर विचारलं, "काऊन रे, कुठी राह्यतं?" महिन्याभरात आपल्या घराची मागची खोली त्याला देऊन टाकली. तेव्हापासून हे दोघं आणि वाहेद. मोताळ्याच्या बाजारातली गणपतीची मैफल असो, बुलढाण्याला वकील मंडळींपुढचं गाणं असो की अकोला-अमरावती, तिघं बरोबर. रेडिओवर तेव्हा पेटीला बंदी होती. त्यामुळं भगवानराव नागपूरला गायले की शेवटी निवेदिका सांगायची, व्हायोलिनची साथ सहदेव वानखडे यांनी केली. खामगावात चार लोक ते ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी जिनात त्याला सांगायचे.

गाताना भगवानराव ओळ मांडत, श्वासाला थांबत आणि हात किंचित डावीकडं उघडून पुटपुटत, "घे." सहदेव घ्यायचा. त्यांनी तोंड उघडलं की सोडायचा. असं कितीतरी वर्षं चाललं. ते दोन माणसांचं एकच बोलणं होतं, एकानं सुरू करायचं आणि दुसऱ्यानं पुरं करायचं. मग एका उन्हाळ्यात भगवानराव जेवून पडले ते उठलेच नाहीत.

त्यानंतर सहदेवला कोणी बोलावलं नाही. नवे गाणारे आपापला पेटीवाला घेऊन येत. नागपूरच्या रेडिओत तिथलेच व्हायोलिनवाले होते, खामगावहून कोण कशाला बोलावणार? सणवार आले, गेले. वाद्याच्या डब्यावरचा धुरळा झटकताना एक दिवस सहदेवच्या मनात आलं. आपण आता एकट्यानं वाजवलं नाही, तर हे झाकण एक दिवस लागेल ते कायमचंच. जिनातला कारकून तेवढा उरेल. म्हणून त्यानं स्वतंत्र वादनाची परीक्षा द्यायचं धाडस केलं होतं, आणि तिथं हा प्रकार झाला.

घरी आला तेव्हा शालूबाई, भगवानरावांची बायको, ओट्यावरच बसल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. एवढ्या घरात आता त्या एकट्या, आणि मागच्या खोलीत सहदेव एकटा. त्याच्या जेवणाचं ताट रोज मागच्या दारात ठेवलं जायचं, ते भगवानराव होते तेव्हापासून.

"काय झालं भाऊजी?"

"नाही जमलं वैनी. मधे मधे थांबतो म्हने मी."

शालूबाईंनी पदर सारखा केला. "मले तं नाही वाटत तुम्ही थांबता."

"वाहेदही तेच म्हनते. थांबतो म्हने."

"त्याले काय समजते," शालूबाई म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं, सांगताना आवाज अगदी रोजचा होता. "मी सकाळी तुमच्या भिंतीले टेकून दळन पाखडत बसते ना. तुम्ही तोडी वाजवता. तुम्ही थांबले की ते घेते. ते थांबले की तुम्ही घेता. माह्या कानाले तं कुठी खंड पडलेला नाही ऐकू येत. उलट रात्रभर घर खायले उठते, अन् सकाळी तुमचं सुरू झालं की वाटते, चला, उठले."

सहदेवला वाटलं होतं, ते आपल्या एकट्याच्याच कानात आहे. त्या रात्री तो जेवला नाही.

रेडिओवाले थांबू नका म्हणतात. थांबलो नाही, तर ह्या बाईचं काय? आणि आपलं तरी काय? पण थांबत राहिलो तर फिडल गेलं. त्यानं दोन दिवस विचार केला आणि विचार करणाऱ्या भाबड्या माणसाला सुचावी तशी तोड त्याला सुचली. सकाळी घरी जसं वाजवतो तसंच वाजवायचं, थांबून. संध्याकाळी वाहेदकडं जाऊन न थांबता वाजवायला शिकायचं. शालूबाईंना त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं.

वाहेदच्या दुकानामागच्या खोलीत टायरींच्या ढिगाशेजारी त्यांची बैठक बसू लागली. सहदेवचा गज उचलला जाऊ लागला की वाहेद डग्ग्यावर जोरात थाप मारायचा.

"चाला पुढं."

"अबे, पुढं काय वाजवू? पुढचं त्यायचं आहे."

"आता तुमचंच आहे ना भाऊ. चाला."

पहिले काही आठवडे नुसती ओढाताण झाली. ती मोकळी जागा आली की सहदेवच्या बोटांना काही सुचतच नसे. म्हाताऱ्या सारंगीवाल्यानं अंगात मुरवलेलं सहजी जात नव्हतं. भरली तरी चोरी केल्यासारखं वाटायचं. वाहेदची बायको गौसिया चहा घेऊन यायची आणि दारातच थबकायची. एकदा नवऱ्याला म्हणाली, "इतनं काऊन दामटता त्यायले? रडून राह्यले ते." सहदेवनं बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाला, "नाही हो भाभी. रुईचा धुरळा आहे."

पण हात शेवटी हातच. सवय लावली की लागते. पावसाळा संपता संपता सहदेव ती जागा भरू लागला. आधी भगवानरावांचीच आठवलेली एखादी तान, मग हळूहळू स्वतःची. आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडूही लागलं. एका संध्याकाळी तो असा काही वाजवून गेला की वाहेद ठेका धरायचा विसरला. "वा भाऊ," तो म्हणाला, "हे कुठी लपवून ठेवलं होतं?" सहदेव लाजला. घरी येताना तो चक्क शीळ घालत आला आणि दारात शालूबाई दिसल्यावर एकदम गप्प झाला.

सकाळचं मात्र त्यानं सांभाळलं होतं. पहाट फुटली की तो मागच्या खोलीत बसे, भिंतीपलीकडं सूप सुरू होई. फटक, फटक, मधेच दाणे निवडताना शांत. तो थांबे, तेव्हा सूपही थांबे. कानात भगवानराव उमटत. तो घेई.

दिवाळीनंतर एका सकाळी तो बसला, तोडीची ओळ मांडली आणि गज पुढं निघून गेला. त्याच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं ते भिंतीपलीकडचं सूप गपकन थांबलं तेव्हा. सहदेव दचकला. पुढच्या आवर्तनाला तो मुद्दाम थांबला, अगदी नेमका जिथं थांबायचा तिथं. डोळे मिटले. वाट पाहिली.

काही ऐकू आलं नाही. खोली नुसती खोली होती. बाहेर जिनाचा भोंगा झाला.

त्यानं पुन्हा करून पाहिलं, पुन्हा. गज उचलला जात होता, पण आता तो मात्रा मोजत थांबत होता, परीक्षेतल्या पोरासारखा. आवाज काही येत नव्हता. भगवानराव उन्हाळ्यात वारले होते असं लोक म्हणत, सहदेवच्या लेखी ते त्या सकाळी गेले. त्याला ओरडून रडावंसं वाटलं, पण भिंत पातळ होती.

रात्री ताट नेहमीसारखंच आलं. वरणावर तूप होतं, कडेला मिरचीचा ठेचा होता. ताट उचलायला शालूबाई आल्या तेव्हा तो मान खाली घालून बसला होता.

"आज सलग वाजवलं भाऊजी," त्या म्हणाल्या.

"हो. हात निसटला वैनी."

"असू द्या."

एवढंच. त्या ताट घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवसापासून तो मुद्दाम थांबून वाजवू लागला आणि शालूबाई भिंतीशी पाखडत राहिल्या. दोघांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. पण ज्यानं आयुष्यभर साथ केली त्याला ऐकणाऱ्याचं मन कळतं. सूप आता त्याच्या थांबण्याबरोबर थांबत नव्हतं, आपलं वेगळंच चाललं होतं.

पुढं नागपूरला दुसरी परीक्षा झाली. सहदेव कोणी न सांगता माइकसमोर मधे बसला आणि तोडी असा वाजवला की अधिकारी काचेपलीकडून उठून आत आले. "कमाल केलीत," ते म्हणाले. "कुठं होतात इतके दिवस?" वाहेदनं परस्पर उत्तर दिलं, "सायकलीच्या दुकानात जी." सगळे हसले, सहदेवही हसला. त्याच मुक्कामी वादन मुद्रित झालं आणि कोणत्या सकाळी लागेल तेही सांगितलं.

त्या सकाळी शालूबाईंनीच सगळ्यांना बैठकीत बोलावलं. भगवानरावांचा जुना रेडिओ पुसून ठेवला होता. वाहेद आला, गौसिया आली, जिनातले दोघं-तिघं आले. रेडिओ तापायला वेळ घेई, म्हणून आधीच लावून ठेवला होता. कापसाचे भाव झाले, बातम्या झाल्या. मग निवेदिका म्हणाली, "आता ऐका, सहदेव वानखडे यांचं व्हायोलिनवादन. राग तोडी."

वाहेदनं त्याच्या मांडीवर थाप मारली. इतकी वर्षं शेवटी यायचं ते नाव पहिल्यांदा आधी आलं होतं, आणि एकटं आलं होतं. खोटं कशाला बोला, सहदेवला अभिमान वाटला. पहिल्या दोन आवर्तनांपर्यंत तो छाती काढून ऐकत होता.

मग ती जागा आली. रेडिओतला सहदेव थांबला नाही. सुंदर वाजवत पुढं गेला. बैठकीतले लोक माना डोलावत होते. सहदेवनं हळूच शालूबाईंकडं पाहिलं. त्या रेडिओकडं बघत बसल्या होत्या, कोणी गाडीत बसून निघून गेल्यावर फलाटावर माणूस बसतो तशा.

संपलं तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. शालूबाईंनी पेढे वाटले. सहदेवच्या हातावर पेढा ठेवताना म्हणाल्या, "चांगलं झालं भाऊजी. त्यायले लय आनंद झाला असता. ते नेहमी म्हनत, हा सहदेव स्वतः वाजवन ना, तं लोक मले इसरतीन."

"असं म्हनत होते?"

"मले म्हनत. तुम्हाले कसे म्हनतीन?"

सहदेवनं तो पेढा भगवानरावांच्या रेडिओपुढं ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या खोलीत बसला. व्हायोलिन जुळवलं. भिंतीपलीकडं चाहूल नव्हती. त्यानं थोडी वाट पाहिली. मग उठून, घराला वळसा घालून पुढं आला. शालूबाई पुढच्या अंगणात, घराच्या पार दुसऱ्या टोकाला पाट टाकून ज्वारी पाखडत बसल्या होत्या. त्यांची पाठ होती.

"वैनी, आज इकडं?"

त्यांनी वळून पाहिलं नाही. "इकडं ऊन येते भाऊजी. थंडीचे दिवस आहे."

अंगणात ऊन होतं खरं. ते तिथं दर हिवाळ्यात येत होतं.

"माह्यामुळं झालं वैनी," तो म्हणाला.

"तुमच्यामुळं कायले? ते गेलेच होते. आपुन दोघं धरून बसलो होतो." त्यांनी सुपातला फोल वाऱ्यावर उडवला. "वाजवा तुम्ही. काल किती चांगलं वाजवलं. जा."

सहदेव परत आला. खोलीत इतकी वर्षं तो सतरंजीच्या डाव्या कडेला बसत असे, तिथंच आजही बसला. पुढं ऐकायला कोणी नव्हतं, भिंतीला कोणी नव्हतं. त्यानं तोडी सुरू केला. लांबून, अंगणातून सुपाचा आवाज पुसट येत होता.

दोन आवर्तनं झाली. ती जागा आली. सहदेवला आता पुढचं सगळं येत होतं, बोटं तयार होती. तरी त्यानं गज उचलला आणि थांबला. आवाज येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो आला नाहीच.

मग त्याच्या ध्यानात आलं, अंगणातलं सूपही थांबलं आहे.

दोघं आपापल्या ठिकाणी तसेच बसून राहिले. कोणी गायलं नाही. थोड्या वेळानं सहदेवनं गज तारेवर टेकवला, आणि अंगणात सूप पुन्हा सुरू झालं.